बिळाच्या तोंडाशी कायदा हवा

पनवेलच्या खाडीकडची खारबंदिस्ती ज्याने राखली आहे तो शेतकरी पावसाळ्याआधी बांधावर फेरी मारतो तेव्हा त्याची नजर बांधाच्या कुशीत ताजी, भुसभुशीत माती कुठे उकरून टाकलेली दिसते का ते शोधत असते. तसा ढिगारा दिसला की आत घूस आहे हे त्याला कळते. एका अंगाला खाडीचे खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भाताचे शेत आणि मध्ये फक्त मातीचा बांध. घुशी, उंदीर आणि खेकडे तो आतून पोखरतात. उधाणाची भरती आली की पाणी त्या भोकातून वाट काढते, भोक रुंदावते आणि बघता बघता खांड पडते. एकदा खारे पाणी शेतात शिरले की जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. या जमिनींसाठी पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती तिथल्याच. महाराष्ट्रात खार जमीन विकासासाठी १९७९ चा स्वतंत्र कायदाही आहे. बांध टिकला तरच या साऱ्याचा उपयोग, आणि बांध टिकणे पुष्कळदा एका बिळावर अवलंबून असते.

बिळातला उंदीर आणि घरातला उंदीर यांत मोठा फरक आहे. घरउंदीर माळ्यावर, कपाटामागे राहतो. त्याला पिंजरा लावता येतो, वाट बुजवता येते. शेतातली लहान घूस मात्र जमिनीखाली स्वतःचे घर बांधते. त्यात राहण्याची खोली वेगळी, कोठार वेगळे, पळवाटा वेगळ्या. कापणीच्या दिवसांत ती लोंब्या तोडून आत ओढून नेते. एका बिळात किलोकिलोने भात सापडतो. गाभणकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेळी सहा-आठ पिल्ले, आणि ती पिल्ले तीन महिन्यांच्या आसपास स्वतः वितात. वर खाण्याच्या बाबतीत ही जात संशयी. नवे खाद्य आधी थोडेसे चाखते, पोटात कालवले की पुन्हा त्याला तोंड लावत नाही. झिंक फॉस्फाईडच्या आमिषाचा पहिला हप्ता चांगला लागू पडतो आणि दुसऱ्याला उंदीर ढुंकूनही पाहत नाहीत, ते याच बुजरेपणामुळे. म्हणून आधी दोन-तीन दिवस विष न घातलेले खाद्य ठेवून त्यांना सवय लावायची आणि मगच विष घालायचे, अशी शिफारस आहे.

आमिष खाल्ले नाही, पिंजऱ्यात आले नाही, तर उंदीर बिळात असतानाच गाठायचा, ही विषारी वायूमागची कल्पना. त्यासाठी आधी बीळ जिवंत आहे की पडीक हे कळावे लागते. त्याची रीत साधी आहे. संध्याकाळी शेतातली सगळी बिळे मातीने बुजवायची आणि सकाळी पाहायचे. जी पुन्हा उकरलेली दिसतील ती जिवंत. फक्त त्यांतच औषध घालायचे आणि तोंड चिखलाने घट्ट लिंपायचे. या एका रात्रीच्या तपासणीने विषाचा खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो, आणि रिकाम्या बिळांत आसऱ्याला आलेल्या इतर जिवांचा प्राणही वाचतो. तरीही ती टाळली जाते, कारण तिला दोन फेऱ्या लागतात.

आपल्याकडे बिळात सोडायचा वायू म्हणजे फॉस्फीन. तो सिलिंडरमधून येत नाही. करड्या रंगाच्या, बटणाएवढ्या गोळ्या असतात. ‘सेलफॉस’सारख्या नावांनी त्या ओळखल्या जातात, बरेच लोक नुसते ‘धान्यातल्या गोळ्या’ म्हणतात. त्यांत अॅल्युमिनियम फॉस्फाईड असते. त्याला हवेतली किंवा मातीतली ओल लागली की रासायनिक क्रिया सुरू होते. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साईडची राखेसारखी पूड मागे राहते आणि फॉस्फीन बाहेर पडतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा किंचित जड आहे, त्यामुळे तो बिळात खाली उतरतो. शरीरात गेल्यावर तो पेशींचे श्वसनच थांबवतो. रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. हृदय, फुप्फुसे, यकृत यांवर पहिला घाव बसतो. या विषावर उतारा नाही. डॉक्टर रुग्णाचा रक्तदाब, श्वास आणि हृदय सांभाळत राहतात आणि शरीराने स्वतः सावरण्याची वाट पाहतात.

या वायूच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रक्त न गोठू देणारी ब्रोमाडिओलोनसारखी विषे उंदराच्या शरीरात टिकतात. असा अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबडाने, घारीने किंवा मांजराने खाल्ला तर विष पुढे सरकते. फॉस्फीन हवेत विरून जातो, मेलेल्या उंदराच्या अंगात जवळजवळ राहत नाही, जमिनीतही साठत नाही. उघड्या शेतात, वस्तीपासून लांब, ओल्या मातीच्या बांधात, जाणत्या माणसाने वापरलेला हा वायू आमिषापेक्षा स्वच्छ ठरू शकतो. ओल इथे दोन्ही बाजूंनी कामाची असते. ती गोळीतून वायू काढते आणि मातीची छिद्रे बुजवून वायू आत धरूनही ठेवते. एप्रिल-मे महिन्यांत भेगाळलेल्या खार जमिनीत तीच गोळी टाकली तर वायू भेगांतून वर निघून जातो. उंदीर जगतो आणि गोळी टाकणारा तो श्वासात घेतो.

मुंबईच्या आसपास उंदरांवर वायूचा विचार काही नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या धान्यगोदामांच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. त्यानंतर शहर, पुणे आणि कोकण या रोगाने होरपळले. सुरुवातीला सरकारी यंत्रणेने घरे धुतली, भिंती खरवडल्या, गंधक जाळला, माणसांना हुसकावले. उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू हा खरा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिला. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेतून त्याची पक्की सिद्धता केली. त्या कामातले अग्रणी विल्यम ग्लेन लिस्टन पुढे त्याच प्रयोगशाळेचे संचालक झाले. तिला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले. लिस्टन यांनी १९२० च्या सुमारास जहाजांतले उंदीर आणि पिसवा मारण्यासाठी हायड्रोजन सायनाईडची धुरी देणारे यंत्र तयार केले. जहाज ही बंद जागा असते. माणसे उतरवता येतात, झडपा लावता येतात, नंतर हवा खेळवून तपासता येते. पुढे हाच सायनाईड कॅल्शियम सायनाईडच्या पुडीच्या रूपाने जगभर शेतातल्या बिळांत पंपाने फुंकला जाऊ लागला. ओल लागताच वायू निघायचा आणि फुंकणाऱ्याला चुकीची दुरुस्ती करायला वेळच मिळायचा नाही. आज कॅल्शियम सायनाईड भारतात बंदी घातलेल्या कीटकनाशकांच्या यादीत आहे. ब्रिटनमध्येही बिळांसाठीचा सायनाईड २००४ अखेर थांबला. त्याची जागा फॉस्फीनने घेतली. तो सावकाश निघतो म्हणून कमी धोक्याचा मानला गेला. सावकाश निघतो हे खरे. पण त्याच कारणाने तो पुढे कित्येक तास, कधी दोन-तीन दिवस निघत राहतो, याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

आपला कीटकनाशक अधिनियम १९६८ चा. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली, त्या धक्क्यातून तो आला आणि १ ऑगस्ट १९७१ पासून अमलात आला. डब्यावरचा रंगीत त्रिकोण ही या कायद्याखालच्या नियमांचीच देणगी. अॅल्युमिनियम फॉस्फाईडला लाल त्रिकोण आहे, म्हणजे अत्यंत विषारी. केंद्र सरकारने या गोळ्यांवर बंधन घातले आहे. त्यानुसार हे औषध सरकारी संस्था, सरकारी उपक्रम किंवा कीड नियंत्रण व्यावसायिक यांनीच वापरायचे, आणि तेही सरकारी तज्ज्ञाच्या किंवा केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागाराने मान्य केलेल्या तज्ज्ञाच्या कडक देखरेखीखाली. कमी तीव्रतेचे दोन प्रकार, १५ टक्क्यांची १२ ग्रॅमची गोळी आणि ६ टक्क्यांची गोळी, यातून वगळले गेले. पूर्वी सर्रास मिळणाऱ्या, तीन ग्रॅमच्या दहा-वीस गोळ्यांच्या नळ्यांचे उत्पादन, विक्री आणि वापर जुलै २००१ मध्ये पूर्ण बंद झाला. त्या नळ्या घराघरांत पोचल्या होत्या आणि उंदरांइतकीच माणसेही त्यांनी नेली होती. उत्तरेतल्या रुग्णालयांनी हे वर्षानुवर्षे पाहिले होते. घरात विष हाताशी नसणे हाच जीव वाचवण्याचा एक मोठा उपाय आहे, म्हणून ही बंदी मला या साऱ्या नियमांतली सर्वांत मोलाची वाटते.

कीड नियंत्रणाचा व्यवसाय करायलाही परवाना लागतो. परवाना मागणाऱ्या संस्थेत कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी मिळवलेला माणूस हवा. त्याने म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूडची धान्य साठवणूक संस्था किंवा हैदराबादची वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था यांपैकी एका ठिकाणी किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले हवे. कागदावर ही रचना चांगली आहे. कोणी बनवायचे, कोणी विकायचे, कोणी वापरायचे, हे सगळे तिच्यात येते. गोळी बिळात पडते त्या क्षणी मात्र तिचा धाक संपतो. देखरेख करणारा तज्ज्ञ कोण होता, बीळ घरापासून किती फुटांवर होते, किती गोळ्या टाकल्या, शेजाऱ्यांना सांगितले होते का, दुसऱ्या दिवशी कोणी येऊन पाहिले का, याचा माग ठेवणारी वही बहुतेक ठिकाणी नसतेच.

याच पनवेलपासून काही किलोमीटरवर न्हावाशेवा बंदर आहे. तिथून धान्य, लाकूड, मसाले परदेशी जातात, आणि त्या कंटेनरांनाही वायूची धुरी द्यावी लागते. कधी मिथिल ब्रोमाईडची, कधी याच फॉस्फीनची. तिथे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. धुरी देणारी संस्था फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाकडून मान्यता मिळवते. तिला स्वतःचा क्रमांक मिळतो. कंटेनरवर धोक्याची पाटी लागते. वायू किती घातला, किती तास ठेवला, तापमान किती होते, हे प्रमाणपत्रावर नोंदले जाते. उघडताना उपकरणाने हवा मोजायची असते, आणि फॉस्फीनसाठी ती प्रति दशलक्ष ०.३ भागांच्या खाली आल्याशिवाय माणसाने आत जायचे नसते. कामगाराने दिवसाचे आठ तास ज्या हवेत काढावेत तिची हीच मर्यादा आहे. इतके सारे कशासाठी? माल परदेशातला ग्राहक नाकारेल म्हणून. तोच वायू खारघर, कामोठे, कळंबोलीतल्या एखाद्या इमारतीच्या जोत्याखालच्या बिळात सोडला जातो तेव्हा मोजमाप नाही, पाटी नाही, प्रमाणपत्र नाही. परदेशी जाणाऱ्या तांदळाला जी काळजी मिळते ती तळमजल्यावर झोपलेल्या मुलाला मिळू नये, हे मला अजिबात पटत नाही.

शहरातले बीळ शेतातल्या बिळासारखे नसते, आणि धोका नेमका इथेच आहे. या वसाहतींचा बराच भाग खाडीकाठच्या सखल, भराव टाकलेल्या जमिनीवर उभा आहे. भराव कालांतराने खचतो, पेव्हर ब्लॉकखाली पोकळी होते, गटाराच्या पाइपांभोवतीची माती सुटते. सोसायटीच्या कचऱ्यावर आणि खाऊगल्लीच्या उष्ट्यावर पोसलेल्या घुशी या पोकळ्या जोडत जातात. वर एक भोक दिसते. खाली ते जोत्याखाली, मीटरच्या खोलीखाली, न्हाणीघराच्या निचरा नळापर्यंत गेलेले असते. चिखलाने लिंपलेल्या तोंडातून वायू बाहेर येत नाही, मग तो जिथे वाट मिळेल तिथे जातो. फरशीची भेग, केबलची नळी, मोरीच्या जाळीखालचा कोरडा पडलेला ट्रॅप, यांपैकी काहीही त्याला पुरते. घरातल्या माणसाला डोके दुखते, मळमळते, उलट्या होतात, छाती भरून येते. पहिला संशय बाहेरच्या खाण्यावर जातो. माणूस दार-खिडक्या लावून पडून राहतो, आणि तेच सर्वांत घातक. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो म्हणतात. पण तो वास बराचसा वायूतल्या अशुद्ध घटकांचा असतो, आणि वास जाणवण्याआधीच काही जणांच्या बाबतीत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते. वास येत नाही म्हणून धोका नाही, असे या वायूबाबत कधीही समजू नये.

अमेरिकेत यूटा राज्यातल्या लेटन गावी फेब्रुवारी २०१० मध्ये अगदी असेच घडले. अंगणात बिळे करणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्यांसाठी व्यावसायिकाने गॅरेजला लागून असलेल्या बिळांत अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकल्या. वायू घरात शिरला आणि त्या कुटुंबातल्या दोन लहान बहिणी गेल्या. त्या वेळच्या तिथल्या नियमात घरापासून १५ फूट अंतर ठेवायला सांगितले होते. एप्रिल २०१० मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने निवासी भागात बिळांसाठी या गोळ्यांचा वापर सरसकट बंद केला आणि इतरत्र माणसे असलेल्या इमारतीपासून किमान १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर अंतर सक्तीचे केले. त्यानंतरही जानेवारी २०१७ मध्ये टेक्सासमधल्या अॅमरिलोत एका घराखाली टाकलेल्या गोळ्या कोणीतरी पाण्याने धुवायचा प्रयत्न केला. पाणी लागताच वायू एकदम उसळला आणि एकाच घरातली चार मुले दगावली. ते औषध नियमाने तिथे असायलाच नको होते. कोणी वापरायचे हा नियम अपुरा पडतो, कुठे वापरायचे तेही लिहावे लागते आणि लोकांना समजावूनही सांगावे लागते, हे या दोन घटनांतून दिसते. आपल्याकडच्या बंधनात ‘कोणी’ आहे. अंतराचा आकडा त्यात नाही. ब्रिटनने २०१५ पासून फॉस्फीन वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला, जुन्याजाणत्यालाही, कौशल्याचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. परवाना संस्थेचा असला तरी हात माणसाचा असतो. आपल्याकडे बिळाशी वाकणारा हात बहुधा रोजंदारीवरच्या तरुणाचा असतो. त्याच्याकडे कापडी मास्क असतो, आणि तो या वायूपुढे काहीही कामाचा नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो पटण्यासारखा आहे: मग उंदरांचे काय करायचे? लेप्टोस्पायरोसिस हा रायगड-मुंबईच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात येणारा आजार, आणि तो उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेगसदृश आजार दिसला आणि पाठोपाठ सुरत हादरले, तेव्हा उंदरांना हलके घेणे परवडत नाही हे साऱ्या देशाला कळले. मी उंदरांची वकिली करत नाही. पण शहरात वायू हा पहिला उपाय असूच शकत नाही. बीळ कशामुळे झाले ते आधी पाहायला हवे. कचऱ्याचा डबा झाकलेला नाही, गटाराचे झाकण फुटले आहे, जोत्याची भेग उघडी आहे, हे कायम असेल तर आज मारलेल्या घुशीचे घर आठवडाभरात दुसरी घूस बळकावते. तयार घर रिकामे राहत नाही. भोकात जाळी आणि काँक्रीट भरून बुजवणे, सापळे, बंद पेटीतले आमिष, इतके करूनही जिवंत बिळे उरली आणि ती इमारतीपासून लांब असली तरच वायूचा विचार करावा. न्यूयॉर्क, बोस्टन अशा शहरांनी अलीकडे बागांमधल्या बिळांत कोरडा बर्फ टाकायला सुरुवात केली. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साईड उंदराला गुदमरवतो आणि विषारी काही मागे राहत नाही. तोही घराखाली वापरता येत नाही, कारण बंद जागेत तो माणसालाही गुदमरवू शकतो. पण मोकळ्या मैदानांसाठी आपल्या कृषी शास्त्रज्ञांनी तो तपासून पाहावा असे वाटते.

शेतात तर वायूशिवायची जाण आपल्याकडे आहेच. रायगडमधल्या कातकरी समाजाला भातकापणीनंतर बिळे ओळखून खणायची परंपरागत कला येते. कोणते तोंड जिवंत, पळवाट कुठे निघेल, कोठाराची खोली कुठे, हे ते मातीवरून सांगतात. खणून उंदीर धरतात आणि बिळातला भातही घरी नेतात. हा समाज केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित जमातींच्या यादीत आहे. तमिळनाडूत इरुळा समाजाकडे अशीच विद्या आहे. मडक्यात गवत पेटवून तोंडाने धूर फुंकताना त्यांची फुप्फुसे खराब होत, म्हणून त्यांच्यासाठी हाताने फिरवायचे धुराचे यंत्र बनवले गेले आणि त्यावर त्यांना रोजगारही मिळाला. खारबंदिस्तीच्या बांधांवर पावसाळ्याआधी उंदीर-घुशींची मोहीम घ्यायची असेल तर कातकरी पथकांना रीतसर मजुरी देऊन ती घ्यावी. बीळ खणून पुन्हा ठासून बुजवले की बांधाची दुरुस्तीही त्याच फेरीत होते. वायूने घूस मरते, भोक तसेच राहते, आणि भरतीचे पाणी त्या भोकात कोणी राहते की नाही हे विचारत नाही. शिवाय बिळात फक्त घूसच असते असे नाही. धामण, नाग, घोरपड हे उंदीर खाणारे प्राणी पुष्कळदा त्याच बिळांत मुक्कामाला असतात. ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. कर्नाळा अभयारण्याच्या परिसरात तर हे विसरून चालणारच नाही.

नियम कसा असावा यासाठी मोठा कायदा नव्याने लिहावा लागत नाही. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, रायगड जिल्ह्यातली ही पहिली महानगरपालिका. तिने आणि कृषी विभागाने मिळून चार गोष्टी ठरवल्या तरी बरेच साधेल. निवासी इमारतीपासून ३० मीटरच्या आत बिळात फॉस्फीन नाही. परवानाधारक संस्थांची नावे प्रभाग कार्यालयात आणि संकेतस्थळावर लावलेली. वापराआधी दोन दिवस रहिवाशांना लेखी सूचना. आणि प्रत्येक कामाची नोंदवही, ज्यात बिळाची जागा, गोळ्यांची संख्या, देखरेख करणाऱ्याचे नाव आणि दुसऱ्या दिवशीच्या पाहणीचा शेरा असेल. पालिकेच्या स्वतःच्या मूषक नियंत्रण निविदांतही याच अटी घालता येतील. देयक कशावर द्यायचे हेही त्यात ठरावे. मार्च २०१८ मध्ये मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा मुद्दा आमदार एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मांडला होता. तो आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा आहे, असा खुलासा नंतर सरकारच्या बाजूने झाला. त्यातल्या राजकारणात मला शिरायचे नाही. पण किती विष टाकले हे यशाचे माप धरले की जास्त विष टाकण्यातच ठेकेदाराचे हित राहते. महिन्याभराने किती बिळे बंदच राहिली, हे माप धरले तर तो आपोआप कचरा आणि भेगा यांकडे पाहू लागेल.

सरकारला धडा मिळण्यासाठी माणसे मरावी लागतात, असे आपल्या राज्यातही झाले आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर राज्याने कीटकनाशक अधिनियमातला अधिकार वापरून काही कीटकनाशकांची विक्री ६० दिवसांसाठी थांबवली. विक्री थांबवण्याचा तो अधिकार आजही राज्याच्या हाती आहे. २०२२ च्या नियमबदलाने कीटकनाशके ऑनलाइन विकायला वाट मिळाली. विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी संकेतस्थळावर आहे, तरी बंधनातले औषध घरपोच येणार नाही याची खात्री करणारे डोळे वाढवावेच लागतील.

तोवर रहिवाशांनी स्वतः सावध राहावे. तुमच्या सोसायटीत कोणी बिळात गोळ्या टाकायला आला तर औषधाचे नाव विचारा, डब्यावरचा त्रिकोण पाहा आणि परवान्याची प्रत मागा. औषध अॅल्युमिनियम फॉस्फाईड असेल आणि बीळ इमारतीला लागून असेल तर काम थांबवा. सभेचा ठराव झाला असला तरी थांबवा. गोळ्या टाकून झाल्याच असतील तर त्यांवर पाणी ओतू नका, त्या उकरू नका. तळमजल्यावरच्या सगळ्यांना, आधी मुलांना आणि म्हाताऱ्यांना, बाहेर मोकळ्या हवेत काढा, खिडक्या उघड्या ठेवा आणि अग्निशमन दलाला ‘फॉस्फाईडच्या गोळ्या आहेत’ असे स्पष्ट सांगा. कोणाला उलट्या, चक्कर किंवा छातीत दडपण जाणवले तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ वर फोन करा आणि डॉक्टरांना औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो दाखवा. या विषाला उतारा नाही, त्यामुळे रुग्ण लवकर रुग्णालयात पोचणे हाच आज एकमेव भरवसा आहे.